तीन तोंडं, एक नळी

विश्वामित्रीत हात घालायचा नाही,
पागेदारकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
मगरींना युनिव्हर्सिटीचं ओळखपत्र दाखवून चालत नाही.
अंडी शोधायची म्हशींच्या खुरांत साचलेल्या पाण्यात,
कमाटीबागेमागच्या उतारावर, सातच्या आत.
साबुदाण्याच्या खिरीवर कुणी मिरी पेरावी तशी ती.
चहाच्या गाळणीनं उचलायची.
गाळणी आमच्या घरची. आई अजून शोधते आहे.

मी तेव्हा रोजावर, एकवीस वर्षांची.
काका अडतीस वर्षं मायक्रोटोमपाशी;
मुठीच्या लाकडावर त्यांच्या अंगठ्याचा खळगा.
तांदळाएवढं पिल्लू मेणात पुरलेलं,
मूठ फिरली की पात्याखालून फीत सरपटत यायची,
चौकोनाला चौकोन चिकटलेला,
प्रत्येकात तोच ठिपका, केसभर पुढे गेलेला.

"मोज," ते म्हणायचे. "मान आली की मोज."

चाळिसाव्या कापात पहिलं तोंड दिसलं.
मग दुसरं. मग तिसरं.
जांभळ्या रंगात बुडालेली, कडेला लव असलेली,
पोटातल्या पाण्याकडे वळलेली तीन तोंडं,
आणि समोर रक्तवाहिन्यांचा एक गुंता, पाझरणारा.
एवढंच. हा बेडकाचा पहिला मूत्रपिंड,
गळ्यापाशी, जिथं कुणी शोधणार नाही.
पुस्तकात त्याला आदिवृक्क म्हणतात.
काका म्हणायचे, "आगाऊ पाठवलेला माणूस."

त्यातून निघालेली नळी मात्र
मागे मागे वाढत जाते,
कुणी बोलावलेलं नसताना,
शेपटीच्या मुळापर्यंत.

मजमुदारबेननी एकदा सुईच्या टोकानं
एका पिल्लाचे दोन्ही आदिवृक्क काढले.
दोन दिवसांत ते पाण्यानं टम्म फुगलं,
काचपात्रात वर तरंगत राहिलं
एखाद्या लहानशा कंदिलासारखं.
तिच्या वहीत त्याचा नंबर आहे. मला तो पाठ आहे,
सांगणार नाही.

बाकीची वाढली.
पाठीच्या मध्यावर नव्या नळ्या फुटल्या,
एक, मग सात, मग मोजणं सोडलं मी.
त्यांनी नवी वाट खणली नाही,
बाजूनं जाणाऱ्या त्याच जुन्या नळीला
येऊन तोंडं लावली.
आणि बरेच दिवस दोन्ही चालू,
पुढचा जुना, मागचा नवा,
एकाच गटारात, एकाच वेळी.

काका निवृत्त झाले मार्चमध्ये.
तरी रोज अकराला यायचे,
स्टुलावर बसून माझी फीत बघायचे,
"पातं तिरकं आहे," एवढंच.
जूनमध्ये आठवड्यातून दोनदा.
नंतर कधीतरी
मी दुपारी झायलॉलच्या वासात मान वर केली
आणि लक्षात आलं की स्टुलावर बरण्या ठेवल्यात,
आणि त्या मीच ठेवल्यात.

पिल्लांना पाय फुटले, शेपटी आतल्या आत जिरली.
त्या वयाच्या कापांत मानेपाशी
तीन तोंडांच्या जागी सुरकुतलेलं काही उरतं,
मग तेही नाही.
नेमका कुठल्या दिवशी तो थांबला
हे एकाही स्लाइडवर नाही. मी सगळ्या पाहिल्यात.
नळी आहे. नराच्या अंगात तर
मूत्र आणि वीर्य दोन्ही तिच्यातूनच जातं,
निर्लज्जपणे, काटकसरीनं.

खणांवरच्या चिठ्ठ्या काकांच्या हातच्या, मोडीत.
त्यांच्या आजोबांनी शिकवलेली, सरकारी दप्तरातली मोडी.
मला वाचता येत नाही.
पण कुठल्या खणात काय, ते हाताला कळतं.

यंदा नवा मुलगा आलाय, धर्मिन, आणंदचा.
चिठ्ठीवर बोट ठेवून विचारतो,
"बेन, आ शुं लख्युं छे?"

मी त्याला स्टुलावरच्या बरण्या हलवायला सांगते.
मूठ त्याच्या हातात देते.
त्याचा अंगठा खळग्यात बसत नाही अजून.

"गण," मी म्हणते. "मान आली की गण."